घरची नानकटाई व बाजारचा पुडा

गतवर्षी श्रावणातील एका दुपारची गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यातून जात असता एका वर्गातून मोठा हशा ऐकू आला. दारापाशी थांबून पाहिले. एका विद्यार्थिनीने डब्यातून घरी केलेली नानकटाई आणली होती. तिचा आकार काहीसा वेडावाकडा, एका बाजूस तांबूस तर दुसऱ्या बाजूस पांढुरकी, मध्ये भेग गेलेली. भोवतालच्या मुलांपैकी एकाने विचारले, "ही नानकटाई की गोवऱ्या?" आणि त्यावर तो हशा झाला होता. मुलीने डब्याचे झाकण लावले. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बाजारातील बिस्किटांचा पुडा होता आणि कोणीही हसले नाही.

आम्ही दारात उभे होतो. परंतु काही बोललो नाही. घंटा झाली म्हणून पुढील तासास निघून गेलो. श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून घेणाऱ्या शिक्षकाने अशा वेळी गप्प बसावे ही गोष्ट काही भूषणावह नव्हे. जे त्या दारात बोलावयास हवे होते ते आज वार्षिक अंकाच्या निमित्ताने येथे लिहीत आहोत. उशीर झाला आहे, हे आम्ही जाणून आहोत.

नानकटाई हा विषय लेख लिहिण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. मैदा, साखर व तूप या तीन जिनसांवर लेख काय लिहावयाचा! परंतु आमच्या मते माणसाच्या घरातील लहानसहान पदार्थांस त्याच्या इतिहासाचा, भूगोलाचा व गणिताचा जितका स्पर्श झालेला असतो तितका मोठ्या गोष्टींसही क्वचितच होतो. शिवाय या तीन जिनसांवरून आमच्या वर्गात एक मूल खाली मान घालून बसले होते. तेवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

आमचे घर अणशीचे. ज्यांनी हा गाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, जोयडा तालुक्यातून कारवारकडे जाणारा रस्ता जेथे घाट उतरू लागतो तेथील हा रानातला गाव होय. खाली कद्रा, वर जंगल. १९८७ साली येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढे ते दांडेलीसह व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०१५ पासून त्यास काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. घरे विरळ, वाड्या दूरदूर. पाऊस मात्र विरळ नव्हे. ज्येष्ठात सुरू झालेला तो गणपती होईपर्यंत छपरावर वाजत राहतो. घाटात दरड कोसळली की रस्ता बंद; रस्ता बंद झाला की दुकानात नवा माल नाही. अशा गावी आम्ही कोकणी बोलत वाढलो, मराठीत शिकलो आणि एसटीच्या पाट्या कन्नडमध्ये वाचल्या.

आमच्या लहानपणी घरात नानकटाई आली ती एका कागदाच्या रूपाने. आमची आत्या लग्न होऊन बेळगावास गेली होती. तिने आजीसाठी एका पोस्टकार्डावर कृती लिहून पाठविली: मैदा पावशेर, पिठीसाखर नवटाक, घट्ट तूप नवटाक, चार वेलदोडे, सोडा चिमूटभर. आजीस वाचता येत नव्हते. आम्ही तेव्हा तिसरीत असू. चुलीपाशी पाटावर बसून आम्ही ते कार्ड मराठीत वाचले आणि ओळीमागून ओळ कोकणीत सांगितले. आम्हांस शाळेत शिकलेल्या मराठीचा घरात झालेला हा पहिला उपयोग. तोपर्यंत मराठी ही धड्यांची भाषा आहे, तिने तूप मोजता येते, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

मोजण्याचीही एक गंमत आहे. जुना शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्यामुळे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम आणि नवटाक त्याच्या निम्मे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने आली व शेर कायद्यातून गेला, तरी बाजारातील बोलण्यातून गेला नाही. आजही कित्येक लोक पाव किलोलाच पावशेर म्हणतात. मग आत्याचा पावशेर कोणता, २३३ ग्रॅमांचा की २५० चा? आमच्या आजीने हा प्रश्न क्षणात निकालात काढला. तिने मैद्यासाठी दोन वाट्या आपल्या अंदाजाच्या घेतल्या, आणि तराजूच्या एका पारड्यात मैद्याचा अर्धा भाग ठेवून दुसऱ्या पारड्यात तितकीच साखर व मग तितकेच तूप तोलले. दोन भाग, एक भाग, एक भाग. शेर कोणताही असो, प्रमाण तेच राहिले. गुणोत्तर व प्रमाण हा धडा पुढे आम्हांस सातवीत शिकविण्यात आला, तेव्हा तो आम्हांस जड गेला नाही त्याचे श्रेय त्या तराजूकडे जाते.

आता भट्टीविषयी. "आमच्याकडे ओव्हन नाही, मग बिस्किटे कशी करणार?" हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. ज्यांच्या घरी धोंडस किंवा तवसोळी होते त्यांनी तरी तो घेऊ नये. तवशाचा कीस, रवा व गूळ एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात घालावयाचे, खाली मंद विस्तव ठेवावयाचा आणि झाकणावर निखारे पसरावयाचे, ही रीत आपल्या कोकणपट्टीत पूर्वीपासून आहे. खालून आच, वरून आच, मध्ये कोंडलेली उष्ण हवा. ओव्हन म्हणजे याहून निराळे काय असते? आजीने तेच केले. मोठ्या पातेल्याच्या तळाशी दोन बोटे वाळू, वाळूवर एक लोखंडी कडे, कड्यावर तूप लावलेली पितळी ताटली. वाळू आधी चांगली तापू द्यावयाची. वाळू सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे विस्तव कमीअधिक झाला तरी ताटलीला धक्का बसत नाही. ज्यास भट्टी विलायती वाटते त्याने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात एकवार डोकावून पाहावे.

विलायती हा शब्द निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे बिस्किटावरून केवढे रण माजले होते हे आजच्या मुलांस सांगूनही खरे वाटणार नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्यास हात लावला. परंतु उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांची भाषा झाली, आणि ती काहींस घ्यावीही लागली. बिस्किटात पाप कोठे होते? मैद्यात नव्हते, साखरेत नव्हते. ते कोणाच्या हातचे आहे यात होते, असे त्या काळच्या लोकांचे म्हणणे. पुढे १८९८ साली दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' या नावाचा कारखानाच निघाला, तो याच मनोवृत्तीला गिऱ्हाईक समजून. आज हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटतो. पण आमच्या वर्गातील त्या दुपारी प्रश्न पुन्हा हाताचाच होता. फरक एवढाच की १८९० साली परक्या हाताचे बिस्किट लज्जास्पद होते, आणि आता आईच्या हाताचे.

नानकटाईचा जन्म सुरतेचा, असे सांगतात. सतराव्या शतकात तेथे डचांची वखार होती. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्यांस वलंदेज म्हटले आहे. त्यांच्या भटारखान्यात पारशी कामगार होते, आणि वलंदेज गेल्यावर ती भट्टी दोटीवाला नावाच्या पारश्याकडे आली, अशी त्या शहरात परंपरा आहे. नान हा शब्द फारसी. त्याचा अर्थ पाव अथवा रोटी. इंग्रजीतील कुकी हा शब्द तरी कोठला? तोही मूळ वलंदेजांचाच; त्यांच्या भाषेत लहान केकास जो शब्द आहे त्यापासून तो अमेरिकेत गेला. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'दोनदा भाजलेले' असा आहे, वास्तविक नानकटाई एकदाच भाजतात. म्हणजे फारसी नाव, डच भट्टी, पारशी हात, गुजरातचे शहर, आणि खाणारे आपण. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नाझरेथ नावाचा एक गाव आहे. अठराव्या शतकात तेथे जाऊन राहिलेल्या मोरेव्हियन पंथाच्या जर्मन लोकांनी साखरेची साधी गोल बिस्किटे आपल्याबरोबर आणली असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. जिनसा त्याच: पीठ, साखर, लोणी. आपला गाव सोडून दूर गेलेल्या माणसाबरोबर जे सामान सहज जाते त्यात अशी एखादी कृती असते, कारण तिला पेटी लागत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अमलात पाव आला, पदेर आला, आणि भट्टीबरोबर गोड पदार्थही आले. परंतु गोव्यातील गृहिणीने मैद्यावर समाधान मानले नाही. तिने रवा घेतला, नारळाचा चव घेतला आणि बोलिन्हा केल्या; त्यांच्या पाठीवर काट्याने रेघा ओढल्या. या पदार्थास परका म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही. नारळ परका कसा होईल?

बेळगावात आत्याच्या घरी मात्र भट्टी नव्हती; तिने शेजारच्या बेकरीची भट्टी वापरली. दिवाळीपूर्वी घरोघरच्या बायका मैदा, साखर व तूप घेऊन बेकरीत जात, तेथील पत्रे घेत, गोळे वळून त्यांवर ठेवीत आणि भाजून झाल्यावर डबे भरून घरी आणीत. मुंबई-पुण्यासही हीच पद्धत होती. एका दिवाळीस आम्ही आत्याबरोबर गेलो होतो. आम्हांस दिलेले काम म्हणजे पत्र्याशेजारी उभे राहून आपले तूप दुसऱ्याच्या मैद्यात जात नाही हे पाहणे! भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या हाती लांब दांड्याचे फावडे होते. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. तो वासावरून पत्रा ओढी. आम्ही त्यास विचारले, "कळते कसे?" तो म्हणाला, "करपल्यावर कळते, बाळ. पहिली दोन वर्षे करपविली." पुष्कळ वर्षांनी अध्यापनविद्येच्या ग्रंथांत आम्ही अनुभवजन्य ज्ञानावर प्रकरणेच्या प्रकरणे वाचली, त्या कारागिराच्या दोन वाक्यांहून अधिक त्यांत फारसे नव्हते.

येथवर वाचून, लेखक बाजारच्या पुड्याचा शत्रू आहे असा कोणी समज करून घेऊ नये. लहानपणी आम्हांस पुड्याची आस किती होती हे आम्हीच जाणतो. कारवारहून येणारा कोणी पुडा घेऊन आला की त्याचा कागद आम्ही पाठ्यपुस्तकात घालून ठेवीत असू. विलेपार्ल्यास १९२९ साली निघालेल्या पार्ले कारखान्याने १९३९ च्या सुमारास बिस्किटे करावयास आरंभ केला. तोवर बिस्किट म्हणजे साहेबाच्या टेबलावरील महाग वस्तू. ती ज्यांनी हमालाच्या, गिरणीकामगाराच्या व खेड्यातील पोराच्या हातात आणून दिली त्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना २०१६ साली बंद झाला, तेव्हा भोवतालच्या लोकांस त्या गोड वासाची चुटपुट लागली ती उगीच नव्हे. दरड कोसळून रस्ता बंद झाला असता, घरात तूप नसता, आजाऱ्यास चहाबरोबर काही द्यावयाचे असता पुडाच उपयोगी पडतो. प्रवासातही तोच.

नानकटाई घरी करणे स्वस्त पडते, असे सांगून मुलांना पटविता आले असते. परंतु ते खोटे ठरेल. वाटीभर चांगल्या तुपाच्या किमतीत पाच रुपयांचे कितीतरी पुडे येतात. (त्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतील वजन हळूहळू कमी कसे होत गेले, हे मात्र मुलांनी पुड्यावरील बारीक अक्षरांत वाचून पाहावे.) कित्येक घरी तुपाऐवजी वनस्पती वापरतात, १९३७ साली डालडा बाजारात आला तेव्हापासून गरिबाच्या नानकटाईस त्याचा आधार आहे. आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. घरची नानकटाई आरोग्यदायी असते, असेही आम्ही म्हणणार नाही. घरी केला म्हणून मैद्याचा गहू होत नाही, आणि साखर आईने घातली तरी दातांस ती साखरच. दोन खाव्या, तिसरीस हात आवरावा.

पैशाचा युक्तिवाद गेला, प्रकृतीचा गेला, स्वदेशीचा तर सुरतेसच संपला. मग उरले काय?

उरले ते करून पाहणे. पुड्यावर लिहिलेले असते: मैदा, साखर, पाम तेल, साखरेचा पाक, फुगविणारे पदार्थ. ही यादी वाचता येणे निराळे आणि तिचा अर्थ हातास कळणे निराळे. ज्याने स्वतः तूप व साखर फेसली आहे त्यास ठाऊक असते की घट्ट तुपात साखरेचे कण घासले की तूप पांढरे व हलके होते, कारण त्यात हवा शिरते. हीच हवा भट्टीत फुगते व नानकटाई खुसखुशीत करते. मैदा घातल्यावर फार मळावयाचा नाही. मळला तर गव्हातील चिकटपणा जागा होतो आणि पदार्थ पुरीसारखा चिवट होतो. तूप पिठाच्या कणांस वेढून ठेवते म्हणूनच तो होत नाही. कारखान्यात पातळ बिस्किटांस अमोनियाचा क्षार घालतात. तो आचेने सगळा वायू होऊन जातो, मागे काही ठेवीत नाही. पण जाड नानकटाईत घातला तर वास आत अडकून बसतो. विज्ञानाच्या पुस्तकातील चार धडे त्या एका ताटलीत आहेत.

आमचा स्वतःचा पहिला प्रयत्न मात्र फसला. आजी शेतावर गेली होती. आम्ही मे महिन्याच्या दुपारी, तूप वितळून पाण्यासारखे झाले असता, तेच साखरेत ओतले. फेसण्याचा प्रश्नच आला नाही. गोळे वळले जाईनात म्हणून मैदा वाढविला. मग ते फुटू लागले म्हणून दूध घातले. ताटली आत ठेवली आणि पंधरा मिनिटांनी झाकण काढले तो बारा नानकटायांची मिळून एकच भाकरी झाली होती. तीही वरून मऊ लागली म्हणून आम्ही आणखी दहा मिनिटे ठेवली, आणि बाहेर काढली तेव्हा तिचे बूड काळेठिक्कर. येथे आमची चूक काय झाली हे आजीने संध्याकाळी सांगितले. नानकटाई गरम असता मऊच असते. कडा तांबूस झाल्या, वर भेग पडली, माथा अजून फिकट आहे, अशा वेळी ती उतरवावयाची आणि ताटलीवरच निवू द्यावयाची. निवताना ती आपली आपण कडक होते. "मातशें राव," आजी म्हणाली. म्हणजे थोडे थांब. वडिलांनी ती भाकरी चहात बुडवून खाल्ली. आम्हांस वाटते तिच्यातील करपलेला भागही त्यांनी आमच्या देखत टाकला नाही.

त्या मुलीच्या डब्यातील नानकटाई एका बाजूस तांबूस व दुसऱ्या बाजूस पांढुरकी का होती, हे ज्याने एकदा तरी करून पाहिले आहे त्यास पाहताक्षणीच कळले असते. निखारे झाकणाच्या एकाच बाजूस जमले होते, अथवा पातेले चुलीवर किंचित कलते होते. तो म्हणाला असता, "ताटली अर्ध्या वेळाने फिरवावयास हवी होती." आणि भेग? भेग पडणे ही तर नानकटाईची खूण. तुपाचे प्रमाण बरोबर उतरल्याचा तो पुरावा. ज्यांनी केले नव्हते त्यांस हसण्यावाचून दुसरे काही सुचले नाही. आमच्या मते हसणाऱ्या मुलांत दुष्टपणा नव्हता, अज्ञान होते. पुड्यातील बिस्किटे सगळी एकाच साच्याची, एकाच रंगाची. जन्मापासून तेवढेच पाहिले म्हणजे साच्याबाहेरचे सारे चुकलेले वाटू लागते. हे केवळ बिस्किटापुरते राहत नाही. आमच्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांचे कोकणी हेल ऐकूनही अशीच खसखस पिकते, आणि ती मुलेही मग आपल्या बोलण्यावर झाकण लावतात.

आणखी एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक आहे. घरी करावे, घरी करावे, असे पुरुषांनी लिहावे आणि करावे मात्र आई-बहिणींनी, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. "घरचे ते घरचे" असे म्हणणारा बहुधा पाटावर बसलेला असतो. ज्या आईने पहाटे भाकऱ्या भाजल्या, दिवसभर शेतात चिखल तुडविला, तिने संध्याकाळी नानकटाईही करावी, अशी आमची सूचना मुळीच नाही. ती पुडा आणते यात तिचा काही दोष नाही. ही सूचना आहे ती मुलांसाठी, आणि विशेषतः मुलग्यांसाठी. रविवारच्या दुपारी क्रिकेटचा सामना पाहण्यात जे चार तास जातात त्यांतील दीड तास यास पुरतो. साखर कुटणे, तूप फेसणे हे तर बाहुबलाचे काम आहे. एकाच दिशेने वीस मिनिटे तळहाताने तूप फेसून पाहावे म्हणजे कळेल. भांडी घासण्यासह हे काम पार पाडले तरच ते पुरे झाले असे समजावे. पालकांनीही मुलाने स्वयंपाकघरात पीठ सांडले म्हणून त्यास हाकलू नये.

विस्तवाशी काम आहे म्हणून मोठे माणूस जवळ असावे. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी गॅसवर जाड पातेल्यात वाळू अथवा मीठ घालून करावे. प्रेशर कुकर वापरावयाचा तर त्याची शिटी व रबरी कडे काढल्यावाचून वापरू नये. आमच्या भागात रानातील लाकूड आता हवे तसे आणता येत नाही, आणि आणू नये हेही खरे. नारळाच्या करवंट्यांचे निखारे यास उत्तम. पावसाळ्यात केलेली नानकटाई दुसऱ्या दिवशी मऊ पडते, कारण साखर हवेतील ओल ओढते, आणि अणशीच्या हवेत पावसाळ्यात ओलीवाचून दुसरे काय असते? ती गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, आणि मऊ पडलीच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर क्षणभर ठेवावी. जायफळ घालावयाचे तर वेलदोडे कमी करावे. दोन्ही भरपूर घातले की कोणाचाच स्वाद उरत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या चहाबरोबर बाजारचे पुडे न आणता आठवी व नववीच्या मुलामुलींनी शाळेच्या आवारात नानकटाई करावी, असे आम्ही सुचविले आहे. यास वेळ फार जाईल, पाहुण्यांपुढे वेडेवाकडे काही ठेवणे बरे दिसणार नाही, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांचे पहिले म्हणणे आम्हांस मान्य आहे, वेळ जाईल. दुसऱ्याविषयी आम्ही एवढेच विचारले की, मुलांच्या हस्ताक्षराचे नमुने, मातीचे गणपती आणि कागदाचे कंदील आपण दर वर्षी पाहुण्यांस दाखवितो, ते सारे साच्यातले असतात काय? अखेर पहिली दोन पातेली करून पाहावी व मग ठरवावे, असे ठरले. चार पातेली, तीन तराजू व नवटाकाची एक जुनी पितळी वजनेही मिळाली आहेत. त्या विद्यार्थिनीस आम्ही पहिल्या पातेल्याची प्रमुख नेमले आहे. तिने होकार देण्यास दोन दिवस घेतले, आणि मग एकच अट घातली की ताटली केव्हा फिरवावयाची ते ती सांगेल, सर सांगणार नाहीत. अट आम्ही मान्य केली.

तिच्या गटातील मुलांनी वाळू नदीची आणावी, ती चाळून, धुऊन व दोन दिवस उन्हात वाळवून आणावी. ओली वाळू तापली की तिची वाफ होते, आणि मग नानकटाई भाजली न जाता उकडून निघते.